वाळूतला की खडकातला

बुधवारी अकराच्या सुमाराला टपालाने एक औषधाची बाटली आली आणि चिमटीचा पुढचा सगळा आठवडा बिघडला. तसं बाटली येण्यात नवल काही नव्हतं. संग्रहालयाच्या मत्स्य विभागात लोक वाटेल ते पाठवतात. कुणी आजोबांच्या कपाटात सापडलेला वाळका समुद्रघोडा, कुणी तळ्यातला मेलेला शोभेचा मासा, आणि सोबत चार पानी पत्र, की शेजाऱ्याने विष घालून मारला का ते तेवढं सांगा. ही बाटली पाठवणारी बाई समुद्रात बुड्या मारायला शिकवायची आणि तिने शहाण्या माणसासारखं एवढंच लिहिलं होतं: 'खालची खाडी. ओहोटीला कमरेएवढं पाणी. वाळू. पालथ्या शिंपल्याखाली. हा कोण?' सोबत मासा जिवंत असतानाचा फोटो. बोटाच्या दोन पेरांएवढा, वाळूच्याच रंगाचा, पुढच्या परांवर रेलून हनुवटी वर करून बसलेला; पाठीवरच्या पराच्या शेवटी काळा ठिपका आणि ठिपक्याला निळी कड. चिमटीने फोटो बघितला, खाली ठेवला, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितला. मग उठली आणि काही कारण नसताना खिडकी उघडून परत लावून आली.

चिमटी हे तिचं खरं नाव नव्हे. बत्तीस वर्षांपूर्वी ती विभागात लागली तेव्हा अंगाने काडी होती आणि हातात सदानकदा चिमटा असायचा, म्हणून विभागप्रमुख सरांनी पाडलेलं ते नाव. सरांकडून ते त्यांच्या बायकोकडे, म्हणजे काकूंकडे गेलं, काकूंकडून अख्ख्या संग्रहालयात, आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी, अंग चांगलं भरल्यावरही, ते काही तिला सोडत नव्हतं. तिने मासा बशीत घेतला, भिंगाखाली सरकवला आणि मोजायला बसली. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या या चिमुकल्या माशांना गोबी म्हणतात आणि त्यांच्या जाती ओळखणं म्हणजे निव्वळ डोळेफोड. पोटाखालचे दोन पर जुळून वाटी झालेली असते, तिने ते दगडाला नाहीतर शिंपल्याला चिकटून बसतात. एवढ्यावरून गोबी आहे हे शेंबडं पोरही सांगेल. पुढचं सगळं सुईच्या टोकाने. पाठीवरच्या परांत काटे किती, कुशीवर खवल्यांची ओळ किती, मानेवर खवले आहेत की मान उघडी, गालावरच्या बारीक पुटकुळ्यांच्या रांगा किती आणि कशा. घाई असेल त्याने शार्क ओळखावेत, असं सर म्हणायचे. चिमटीने तीनदा मोजलं. मान उघडी. खवले अडतीस. गालावर तीन रांगा, मधली तुटलेली. अशी मधेच तुटलेली रांग फक्त एकाच गोबीला असते, असं सरांनी तीस वर्षांपूर्वी छापलं होतं, आणि तसा गोबी मुळात नाहीच, असं त्यानंतर दोन वर्षांनी दुसऱ्यांनी छापलं होतं. चिमटीने सुई खाली ठेवली.

तो मासा सरांचा. म्हणजे सरांनी त्याला जगात आणला, नाव दिलं, आणि त्यानेच सरांना खाली बसवलं. चिमटी नोकरीला लागली त्याच महिन्यात सर आणि काकू चार दिवस किनाऱ्यावर गेले होते. वरची खाडी खडकांची, खालची वाळूची, मध्ये दीड तासाची चाल. दोन्हीकडे त्यांनी जाळं फिरवलं. सरांना चारशे माशांच्या काट्यांची संख्या तोंडपाठ होती, पण थांब्यावर उतरल्यावर घर डावीकडे की उजवीकडे हे त्यांना काकूंना विचारावं लागे. किनाऱ्यावर तर बघायलाच नको. डोकं डबक्यात आणि बाकीचा देह आभाळाकडे, असे ते तासन्‌तास असायचे, आणि काकू शेजारच्या दगडावर बसून वही लिहायच्या: कुठे, किती पाण्यात, खाली काय, वेळ किती. ती वही परत येताना होडीत राहिली ती राहिलीच. सरांनी जागच्या जागी खरडून बरण्यांत टाकलेल्या चिठ्ठ्या तेवढ्या उरल्या, आणि त्याही कागद हलका असल्यामुळे स्पिरिटमध्ये लगदा व्हायला लागल्या होत्या. लगदा होण्याआधी नीट उतरवून काढ, असं सरांनी नव्या मुलीला सांगितलं. तिने उतरवून काढल्या, चांगल्या कागदावर, चांगल्या शाईने, सुवाच्य अक्षरात. सरांनी त्यातल्या एका बरणीत नवा मासा ओळखला आणि चिठ्ठीवर होतं तसं छापलं: वरची खाडी, खडकाळ तळ. दोन जाणकार दोन उन्हाळे त्या खडकांत माशासाठी गुडघे फोडून घेत राहिले. मासा मिळाला नाही. मग त्यांनी अगदी सभ्य भाषेत लिहिलं, की हे एखाद्या नेहमीच्या जातीचं व्यंग असलेलं पिल्लू असावं आणि सन्माननीय संशोधकांची मोजण्यात गफलत झाली असावी. नाव यादीतून गेलं. सरांनी त्यानंतर एकही नवा मासा छापला नाही.

चिमटी तळघरात गेली. वाट तिच्या पायांना पाठ होती, तिसरी रांग, खालून दुसरा कप्पा. सरांची बरणी तिने उजेडात धरली. आतले मासे दुधी पडले होते, निळी कड केव्हाच धुतली गेली होती, ठिपका तेवढा करडा होऊन राहिला होता. चिठ्ठी वाचायची गरज नव्हती तरी तिने वाचली. मग तिचा हात आपोआप शेजारच्या बरणीकडे गेला. तिच्यात नेहमीचे काळपट गोबी, पोटाखालची वाटी चांगली जाड, लाटांच्या माऱ्यात कपारीला चिकटून राहणारे. खडक सोडून ते कुठे राहत नाहीत हे तिला आता झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. त्या बरणीतल्या चिठ्ठीवर, तिच्याच चांगल्या शाईत आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: खालची खाडी, वाळू, पालथे शिंपले. खडकातल्या माशाला वाळू आणि वाळूतल्याला खडक. दोन्ही चिठ्ठ्यांवर तारीख एकच. असल्या सामान्य माशांच्या बरणीकडे बत्तीस वर्षांत कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, तिनेसुद्धा नाही. ती तिथल्या लाकडी शिडीच्या खालच्या पायरीवर बसली.

एका वेळी एकच बरणी उघडायची, हा विभागातला पहिला धडा. मासे बशीत, चिठ्ठी त्याच बशीच्या काठावर, काम झालं की दोन्ही परत आत, झाकण, आणि मग दुसरी बरणी. येणाऱ्या प्रत्येकाला तिने हे इतक्या वेळा ऐकवलं होतं की मागे तिची नक्कल व्हायची. आणि तिने स्वतः त्या दिवशी दोन उघडल्या होत्या. का, तेही आता लख्ख आठवलं, आठवायला नको होतं तरी. त्या संध्याकाळी काकूंनी तिला पहिल्यांदा जेवायला बोलावलं होतं. गावात ती नवखी, खोलीत एकटी, दोन महिने डबा खाऊन जीभ मेली होती, आणि सकाळी काकू विभागाच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, की आज लवकर ये, मला भाजी चिरायला कुणीतरी हवं आहे. पाहुणी म्हणून नव्हे, भाजी चिरायला. त्या एका वाक्याने तिचं दिवसभर कामात लक्ष नव्हतं. चारला तिने घड्याळ बघितलं, दोन बरण्या राहिल्या होत्या, दोन्ही एकदम उघडल्या, दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी उतरवल्या, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि जुना लगदा केराच्या टोपलीत टाकला. मग जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरली. त्या घराचं स्वयंपाकघर, खिडकीतला पिवळा उजेड, काकूंनी तिच्या हातातली सुरी काढून घेऊन "अगं, भाजी चिरतेस की मासा फाडतेस?" म्हणून केलेली चेष्टा, सर दारात येऊन उगाच काहीतरी चाखून गेलेले. माहेर म्हणावं असं तिचं एकच घर, आणि ते तिला त्या संध्याकाळी मिळालं होतं. शिडीवर बसल्या बसल्या तिला रडू आलं, पण तळघरात कॅमेरा होता म्हणून तिने नाक शिंकरल्यासारखं केलं.

काकू कधी ऐकायच्या नाहीत, हे मात्र खरं. छापून आलेलं त्यांनी वाचलं त्याच दिवशी जेवताना म्हणाल्या, की हे चुकलंय, तो मासा वाळूतला. मी माझ्या हाताने शिंपला उलटा केला. खाली अंड्यांचा थर होता आणि हा गडी हलायला तयार नाही, तळहातावर घेतला तर तिथेही शिंपल्याकडे तोंड करून बसला. बाप दिसतोय, म्हटलं मी तुम्हाला. तुम्ही हो म्हणालात. सर म्हणाले, असेल, तो दुसरा कुठला असेल. नाव यादीतून गेल्यावर तर रोज रात्री तेच. सरांचा तोल जायला लागला. एका रविवारी ते म्हणाले, आठवण खोटं बोलते, चिठ्ठी बोलत नाही. चिमटे, ती बरणी घेऊन ये. आणि चिमटी दुसऱ्या दिवशी बरणी घेऊन गेली. पिशवीत टॉवेल गुंडाळून, सांडू नये म्हणून छातीशी धरून, शहाण्या मुलीसारखी. काकूंनी चष्मा लावला, बरणी फिरवली, चिठ्ठी वाचली. मग तिच्याकडे बघून म्हणाल्या, "तू लिहिलंयस ना हे? मग बरोबरच असेल, बाई." आणि बरणी अगदी हलक्या हाताने टेबलावर ठेवली. पुढच्या फेरीला सरांनी वही काकूंना दिली नाही. चिमटीला दिली. तिला काय आनंद झाला होता त्याचा. कोऱ्या वहीवर तिने पहिल्याच पानावर तारीख घातली आणि खाली रेघ मारली.

त्या फेऱ्या तरी काय फेऱ्या होत्या. आजही थंडीत कुठे ओल्या दोराचा वास आला की चिमटी वीस-पंचवीस वर्षं मागे जाते. पहाटेची होडी, मग दिवसभर ओहोटीच्या मागे मागे चालायचं, भरतीच्या पुढे पुढे पळायचं. सर डबक्यातून ओरडून आकडे सांगायचे, ती लिहायची, आणि काकू लांब वाळूत एकट्या चालत राहायच्या, हाताची घडी घालून, मधेच वाकून काहीतरी उलटं करून बघत. तेव्हा चिमटीला वाटायचं, किती छान, काकूंना आता जरा मोकळीक मिळाली. त्या काय उलटं करून बघत होत्या, हे तिला बुधवारी दुपारी बाराला तळघरात कळलं. काकूंनी पुढे कुणाला काही सांगितलं नाही. फक्त, त्यांचं काही हरवलं, दूध उतू गेलं, एखाद्याचं नाव चटकन आठवलं नाही, की सर चिमटीकडे बघून डोळ्यांनी खूण करायचे, आणि चिमटीही मान हलवायची. पंधरा वर्षांनी काकू खरोखरच विसरायला लागल्या, पाण्याचा नळ, घराचा रस्ता, शेवटी शेवटी सरांना. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? सर म्हणाले, बघायला गेलं तर फार जुनं आहे, एका माशापासून सुरू झालं. काकू शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. डॉक्टरांनी गोंधळून लिहून घेतलं. काकूंना जाऊन आता सहा वर्षं झाली.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार चिमटीने स्वतःशी इतकी घासाघीस केली की भाजीवालीलाही तिने दोनदा तेच विचारलं. सरांना सांगायचं काय? मासा सापडला, हे सांगायलाच हवं होतं. चौऱ्याऐंशीचे सर, एका डोळ्याने दिसतं न दिसतं, इतकी वर्षं स्वतःच्या मोजण्यावरचा विश्वास गेलेला. त्यांना हे सुख द्यायचं नाही तर कुणाला? पण अर्धंच सांगितलं तर? खाड्या शेजारी शेजारी, मासे काय कुठूनही कुठे जातात. चिठ्ठी गुपचूप दुरुस्त करता येईल, कारण कोण विचारतंय. काकूंना आता त्याचा काय उपयोग, आणि सरांना या वयात नवं दुःख देऊन कुणाचं भलं होणार? हे सगळं ती स्वतःला समजावत होती आणि तिला पक्कं ठाऊक होतं की ती सरांची नव्हे, स्वतःची काळजी करते आहे. आई गेली, भाऊ लांब, लग्न या ना त्या कारणाने राहूनच गेलं. उरला तो रविवार. चारचा चहा, सरांची नखं कापून देणं, आठवड्याची औषधं डबीत भरणं, आणि निघताना त्यांचं ठरलेलं, "सावकाश जा गं." तेवढं गेलं तर मागे काय उरतं, याचा हिशेब तिला मांडायचा नव्हता.

रविवारी तिने फोटो मोठा छापून नेला. सरांनी खिडकीशी जाऊन तो नाकाला लागेल इतका जवळ धरला. ती आकडे सांगत गेली: मान उघडी, खवले अडतीस, गालावर तीन रांगा. सर ऐकत होते. मधली रांग, म्हणाले. तुटलेली, ती म्हणाली. सर खुर्चीत बसले आणि हसायला लागले, मग खोकायला, मग पुन्हा हसायला. म्हणजे मी बरोबर मोजलं होतं, असं ते चार-पाच वेळा म्हणाले. गफलत म्हणाले होते मेले. चिमटीला बऱ्याच वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. ती चहा टाकायला उठली, आणि पाणी ठेवत असताना मागून सरांचा आवाज आला, खुशीतला, तरुण.

"ती असती ना, तर आज तिलाही दाखवलं असतं. बघ म्हटलं असतं, होता की नाही खडकात?"

चिमटीने गॅस पेटवला नाही. बाहेर येऊन ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. आता गप्प राहिलं की झालं, एवढंच करायचं होतं.

"खडकात नाही, सर. वाळूत होता. खालच्या खाडीत, शिंपल्याखाली. काकू म्हणायच्या तसाच, अंड्यांवर बसलेला."

सर म्हणाले, चिठ्ठीवर तर वरची खाडी आहे. मग तिने सांगितलं. दोन बरण्या एकदम उघडल्या होत्या, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, जुना लगदा तिनेच टाकून दिला. जेवायला यायची घाई होती, हेही सांगितलं, आणि सांगताना तिलाच ते लाजिरवाणं वाटलं. तिचं संपल्यावर सर फोटोवरून अंगठा फिरवत राहिले.

"डॉक्टरला मी काय सांगितलं होतं, आठवतंय तुला?"

"हो."

"ती तिथेच बसली होती."

"हो, सर."

"म्हणजे पंधरा वर्षं ती धडधाकट होती," सर म्हणाले. "आणि मी तिला वेडी ठरवून जपत होतो. वही काढून घेतली. किल्ल्या काढून घेतल्या. एकटीला कुठे जाऊ देत नव्हतो." मग ते म्हणाले, "वाद घालायची थांबली, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, पटलं तिला."

चिमटी म्हणाली, चूक माझी आहे. सर म्हणाले, तुझी एका दुपारची आहे. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर तिला सोपं गेलं असतं. ती सवयीने औषधांची डबी घ्यायला वळली, तर ते म्हणाले, राहू दे, मी भरीन. तिने फोटो घ्यावा की ठेवावा हे तिला कळेना, म्हणून तिने तो टेबलावर ठेवला. चपला घालताना तिला एक चप्पल सापडत नव्हती. सर दारापर्यंत आले, भिंतीला धरून, आणि नेहमीचं वाक्य येईल म्हणून ती थांबली.

"तू थोडे दिवस येऊ नकोस," सर म्हणाले.

दार हळूच लागलं. चिमटी जिन्यात उभी राहिली. थोडे दिवस म्हणजे किती, हे चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला दार वाजवून विचारायचं तिला धाडस झालं नाही.